नवऱ्यावर समन्स बजावताना

रिफअतसारखा माणूस पळू शकतो, असं मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी हसले असते. वीसेक वर्षांच्या संसारात मी त्याला पळताना एकदाच पाहिलं. ट्राम सुटत होती म्हणून तो पळाला होता, आणि ती ट्रामही त्याला मिळाली नव्हती. समोरच्या बेकरीतून पाव आणायला सांगितलं, की तो आधी बाल्कनीत जाऊन बेकरी अजून जागेवर आहे का ते बघायचा, आणि मग गुडघा धरून पलंगावर बसायचा. अशा माणसाच्या हातात कोर्टाचा कागद द्यायचा, यात अवघड ते काय? मला तसंच वाटलं. माझ्या वकीलबाई मुशीरा यांनाही तसंच वाटलं.

आमचं भांडण नव्हतं हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण ऐकणाऱ्याला भांडणाचीच हौस असते. रिफअतच्या आईला फ्लू झाला म्हणून तो दोन दिवसांसाठी इब्राहिमियाला तिच्याकडे गेला. ट्रामने गेलं तर आमच्या घरापासून दोन थांबे. आई बरी झाली, पण हा काही परत आला नाही. आणि तो परत आलेला नाही हे माझ्या लक्षात यायला चांगला आठवडा गेला, यावरून काय ते समजून घ्यावं. या गोष्टीला आता तीन वर्षं होत आली होती.

मी मुलींच्या शाळेत अरबी व्याकरण शिकवते. मुली मला अब्ला इगलाल, म्हणजे इगलालबाई, म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, पण त्याची इथे गरज नाही. वाक्याला कर्ता असावा, क्रियापद असावं आणि शेवटी पूर्णविराम असावा, एवढीच माझी आयुष्याकडून अपेक्षा. नवऱ्याने सोडलेलीही नाही आणि नांदवलेलीही नाही, अशा बाईला आमच्याकडे ‘लटकलेली’ म्हणतात. व्याकरणाच्या बाईने असं लटकत राहणं मला शोभेना. त्यातच दूर किनाऱ्यावरच्या मर्सा मत्रूह गावच्या नव्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा निघाली. मुलाखतीत साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, मिस्टर तिकडे राहायला येणार का. मी म्हटलं, ते सांगता येणार नाही. साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच माझ्या वर्गातली साधा कर्ताही न ओळखता येणारी मुलगी. निर्णय पुढच्या उन्हाळ्याअखेर करू, तोवर घरचं काय ते ठरवा, असं त्यांनी सांगितलं.

मी रिफअतला फोन करून मत्रूहचं सांगितलं आणि सरळ विचारलं, घटस्फोट देतोस का. तो म्हणाला, “बघू.” हा त्याचा आवडता शब्द. बाथरूमच्या नळालाही तो ‘बघू’च म्हणाला होता, आणि तो नळ अजून गळतो. तेव्हा उरला खुला, म्हणजे बायकोने आपले सगळे हक्क सोडून द्यायचे आणि कोर्टाकडून मोकळं व्हायचं. नवऱ्याची परवानगी लागत नाही. फक्त त्याला कळवावं लागतं, आणि तेही कोर्टाच्या बेलीफने, रीतसर, हातात कागद देऊन.

आमच्या भागाचे बेलीफ बयूमी. रुंद बांध्याचे, मऊ आवाजाचे, बगलेत कायम चामडी बॅग. ते पहिल्यांदा आले ते माझ्याच दारात. रिफअतच्या ओळखपत्रावर पत्ता अजून आमच्याच घराचा होता, कारण पत्ता बदलायला तो ‘बघू’ म्हणाला होता. मी नुकतीच शाळेतून आले होते, पाय सुजले होते. बयूमींनी विचारलं, रिफअतसाहेब आहेत का. नाहीत. आपण त्यांच्या कोण? मी सवयीने म्हटलं, पत्नी. मग झालं तर, ते म्हणाले, घरातल्या माणसाच्या हाती दिलं तरी कायद्याला चालतं, इथे सही करा. मी सही केली. शाळेत दिवसभर शंभर ठिकाणी सह्या कराव्या लागतात, हाताला वळणच पडलेलं असतं.

मुशीराबाईंनी तो कागद दोनदा वाचला. मग म्हणाल्या, “अब्ला, नवऱ्याविरुद्ध तुम्ही दावा लावलात, आणि नवऱ्याच्या वतीने तुम्हीच तो स्वीकारलात. आता न्यायाधीशांसमोर कोणत्या बाजूला उभ्या राहणार?”

दुसरा कागद सासूबाईंच्या पत्त्यावर काढला. बयूमी तो घेऊन निघण्यापूर्वी मला दाखवायला आले, एवढा आता आमचा परिचय झाला होता. मी वाचला. वाचायलाच नको होता. रिफअतच्या आजोबांच्या नावात एक अक्षर जास्त होतं, आणि ‘प्रतिवादी हजर न राहिली तर’ असं लिहून कोणी टंकलेखकाने माझ्या नवऱ्याचं लिंग बदलून टाकलं होतं. माझ्या पर्समध्ये लाल पेन असतोच. मी काय केलं ते सांगायला नकोच. बयूमींनी कागद उजेडात धरला. म्हणाले, मादाम, खाडाखोड केलेला कागद बजावता येत नाही. मी म्हटलं, ही खाडाखोड नाही, दुरुस्ती आहे. ते विचार करून म्हणाले, दुरुस्ती असेल, पण दिसते खाडाखोडीसारखी. तिसरा कागद निघायला एक महिना गेला. त्यातही प्रतिवादी स्त्रीलिंगीच राहिला. मी डोळे मिटून तो जाऊ दिला.

इथे मादाम अवातिफचा प्रवेश होतो. त्या खालच्या मजल्यावर राहतात. त्यांच्या बहिणीचा घटस्फोट झालेला असल्यामुळे आपल्याला कायदा येतो असं त्यांना वाटतं. बहिणीची केस आठ वर्षं चालली, तेव्हा तसा बराच कायदा घरात आला असणार. त्यांनी सुचवलं, त्याला फोन करून सांग की तुला बक्षीस लागलंय, घ्यायला ये. मी म्हटलं, तो बक्षिसालाही ‘बघू’ म्हणेल. मग म्हणाल्या, आजारी पड. मी म्हटलं, मागे पडले होते. त्याने लिंबं पाठवली होती, दुसऱ्याच्या हाती.

तिकडे इब्राहिमियात माझ्या सासूबाई हज्जा फिक्रिया यांनी आघाडी सांभाळली होती. बयूमी गेले की त्या दार उघडत, आत बसवत आणि सांगत, माझा मुलगा इथे राहतच नाही. तो तिथे राहत असता तर कागद आईच्या हाती देऊन काम झालं असतं. राहतच नाही म्हटल्यावर कायद्याचे हात बांधलेले. बाल्कनीत दोरीवर रिफअतचा निळ्या पट्ट्यांचा पायजमा वाळत होता. तो कुणाचा, असं बयूमींनी अदबीने विचारलं. हज्जा म्हणाल्या, माझा. म्हातारपणी थंडी वाजते. आणि मग जेवून जा म्हणाल्या. हज्जांच्या हातच्या मुलोखियाच्या पालेभाजीबद्दल मी काही बोलणार नाही. तिच्यातल्या लसणीच्या फोडणीपायी माझ्या लग्नाची पहिली दोन वर्षं बरी गेली, एवढंच सांगते.

बयूमी जेवले. अहवालात लिहिलं, ‘प्रतिवादी मिळून आले नाहीत.’ पुढच्या वेळी पुन्हा गेले, पुन्हा जेवले, पुन्हा मिळून आले नाहीत. पुढे पुढे तर ते नेमके जेवणाच्याच वेळेला जायला लागले. मी जरा खोचकपणे विचारलं, तेव्हा त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, की माणूस घरात सापडायची शक्यता त्याच वेळेला सगळ्यात जास्त असते.

शेवटी कायद्याची पळवाट म्हणून कागद पोलीस ठाण्यात ठेवला, म्हणजे प्रतिवादीला तो मिळाला असं समजतात. तारखेला मी नवा स्कार्फ बांधून कोर्टात गेले. न्यायाधीशांनी कागद उलटसुलट पाहिला आणि विचारलं, गरुड कुठाय? ठाण्यातल्या कारकुनाने शिक्का मारला होता, पण तो गरुडाच्या शिक्क्याऐवजी तारखेचा. गरुडावाचून सरकार नाही, आणि सरकारावाचून रिफअतला काही कळलेलं नाही. तारीख पुढे. बाहेर आले तेव्हा बाकावरच्या एका बाईने, ओळख ना देख, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, तुझाही पळतोय का? तिचा चार वर्षं पळत होता. मला एकदम लहान वर्गात बसल्यासारखं वाटलं.

तेव्हाच कधीतरी मला निराळाच प्रश्न पडायला लागला. हा माणूस दिवसभर करतो काय? नळखात्यातून त्याने लवकर निवृत्ती घेतलेली. आईच्या घरी तो दिवसा नसतो, हे खरं होतं. हिवाळाभर तिथल्या चौकातल्या रसाच्या दुकानात मी पेला घेऊन उभी राहिले की तो दिसायचाच नाही. मी मागच्या गल्लीने गेले की तो पुढून गेलेला. ज्याला वीस वर्षांत माझी शाळा कोणत्या थांब्यावर आहे ते सांगता आलं नसतं, त्याला मी कुठून येणार ते कळायचं कसं? कोणीतरी आतलं फितूर होतं. मी मादाम अवातिफवर संशय घेतला, आणि तो चेहऱ्यावर दिसला असावा. त्यांनी दुसऱ्या दिवशी द्राक्षाच्या पानांची भात भरलेली महशी पाठवली आणि निरोप दिला, माझ्यावर संशय घेणारीने ही खावी आणि मग शांत डोक्याने विचार करावा. मी खाल्ली. संशय तसाच राहिला, पण थोडा कमी तिखट झाला.

मनात राग धरायचा त्यांचा स्वभाव नाही. रिफअतचे जुने साहेब वारले, तेव्हा बातमी त्यांनीच आणली. म्हणाल्या, “माणूस कोर्ट चुकवेल, बायको चुकवेल, पण साहेबाच्या अज़्याला, शोकसभेला, जावंच लागतं. मंडपात धर त्याला.” मला हे जरा हीन वाटलं. मृताबद्दल आदर म्हणून मी पूर्ण एक संध्याकाळ नाही म्हणत होते.

मंडप मशिदीशेजारी लागला होता. बयूमी काळी टाय बांधून पुरुषांच्या बाजूला गेले. मी बायकांच्या बाजूने कापडाच्या फटीतून बघत होते. रिफअत खरंच आला होता. बारीक झाला होता. बयूमी त्याच्यापासून तीन खुर्च्या सोडून बसले होते, बॅग मांडीवर. एवढ्यात कुराणपठण सुरू झालं, आणि पठण चालू असताना उठून कोणाच्या हातात समन्स कोण देणार? पठण करणारे शेख चांगल्या घराण्यातले होते, घाई त्यांच्या रक्तातच नव्हती. ते थांबले तेव्हा बयूमींनी घड्याळ पाहिलं आणि बॅगेची कडी लावून टाकली. संध्याकाळी आठनंतर कायदा समन्स बजावू देत नाही. आठ वाजून गेले होते. निघताना रीतीप्रमाणे सगळ्यांशी हस्तांदोलन करत त्यांनी रिफअतशीही केलं. बाहेर येऊन मला म्हणाले, फार सज्जन माणूस आहे, मादाम. तुमचं काय बिनसलं?

मी त्या संध्याकाळी त्यांच्याशी बोलले नाही. पण पुढच्या आठवड्यात त्यांच्याच तोंडून धागा मिळाला. हज्जांच्या जेवणाची स्तुती करता करता ते म्हणाले, हल्ली ताटात वाढही जास्त असते. रिफअतसाहेब दुपारी बाहेरूनच मासे खाऊन येतात, तेव्हा त्यांचा वाटा मला. मी बशी खाली ठेवली. रिफअत आणि मासे? आमच्या घरी मी मासे तळले की तो खिडक्या उघडत फिरायचा. आणि दुपारी ताजे तळलेले मासे खायचे तर माणूस अनफूशीच्या कोळीवाड्यातच जाणार.

शाळा सुटल्यावर मी अनफूशीला गेले. तिसऱ्या दिवशी तो दिसला. होड्या बांधतात त्या बाजूला एक जुनं कॉफीघर आहे. बाहेर टेबलांवर डॉमिनोचे डाव चालतात. म्हातारे कोळी, होड्या बांधणारे, एक दाढीवाला न्हावी. आणि मधोमध, न खेळता, माझा नवरा. आधी मला वाटलं, याला खेळताही येत नाही म्हणून नुसता बसलाय. मग एका टेबलावर आवाज चढले. दोघे उभे राहिले, एकाने सोंगट्या सांडल्या, आणि सगळे एका सुरात ओरडले, हकीम, हकीम! रिफअत उठला. पंच म्हणून ते त्यालाच बोलावत होते. त्याने दोघांना बसवलं, सांडलेल्या सोंगट्या जशाच्या तशा पुन्हा मांडल्या, दोघांचं ऐकून घेतलं, आणि दोन शब्दांत निकाल दिला. हरलेल्याने मान डोलावली आणि त्यालाच चहा मागवला.

चहा प्यायचा की कॉफी, हे ज्याला घरात ठरवता यायचं नाही, तोच हा माणूस. मी ट्रामच्या थांब्याच्या आडोशाला उभी राहून बघत राहिले. बयूमींना लगेच फोन करायला हवा होता, पण मी केला नाही. दुसऱ्या दिवशीही गेले, तिसऱ्याही. स्वतःला सांगत होते, की त्याच्या वेळा नक्की करून घेतेय. खरं म्हणजे त्या न्हाव्याचं आणि एका नाखव्याचं जुनं भांडण चाललं होतं, त्याचा निकाल हा कसा लावतो ते मला बघायचं होतं. त्याने तो लावला, आणि बरोबर लावला. मी असते तर न्हाव्याच्या बाजूने दिला असता, आणि चुकले असते. संध्याकाळी बयूमींना फोन केला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कॉफीघरात शिरलो. त्या कॉफीघरात बाईमाणूस कधी शिरलं असेल असं त्यांच्या चेहऱ्यांवरून वाटलं नाही. बयूमींनी घसा साफ करून रिफअतचं पूर्ण नाव वाचलं, आजोबांच्या जादा अक्षरासकट. आख्खं कॉफीघर एका क्षणात अनोळखी झालं. असा कोणी इथे नाही, न्हावी म्हणाला, आणि दोन नाखवे खुर्च्या सरकवून मध्ये आले. मागचा दरवाजा उघडाच होता. समुद्र दिसत होता. रिफअत गेला असता तर कोणी धरलं नसतं.

तो गेला नाही. “मीच तो,” तो म्हणाला. मग समोरच्या टेबलाकडे बघून म्हणाला, “यांचा डाव तेवढा संपू द्या.” बयूमींनी घड्याळ पाहिलं, दिवस अजून बराच बाकी होता, आणि त्यांनी मान हलवली. डाव संपला. रिफअतने रुमालाने एक खुर्ची पुसली आणि माझ्यापुढे केली. बाकीचे लांब जाऊन बसले, पण ऐकू येईल इतपतच लांब.

“तू बारीक झालास,” मी म्हटलं. समन्स बजावताना पक्षकाराने असं काही बोलू नये, पण तेच तोंडात आलं.

“इथे यायला चालावं लागतं.”

मग मी विचारलं, की इतकी पळापळ कशासाठी. खुल्याला तुझी परवानगीही लागत नाही. आज ना उद्या होणारच होतं. त्याने हातातली सोंगटी टेबलावर उभी केली.

“मी विचारून घेतलंय,” तो म्हणाला. “तिथे बायकोला एक वाक्य बोलावं लागतं. न्यायाधीशांसमोर, नवऱ्याच्या देखत. या माणसाबरोबरच्या आयुष्याचा मला तिटकारा आहे, असं.”

“ते वाक्य कायद्याचं आहे, रिफअत. सगळ्या बायका तेच म्हणतात.”

“सगळ्यांचं काय ते असेल. मला तुझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं.”

मी खरं काय ते सांगितलं: मला तिटकारा नाही, मला फक्त पूर्णविराम हवाय, पण मुशीराबाई म्हणतात कायद्यात तसा शब्द नाही. तो म्हणाला, “मग तुला मत्रूहला जायचंय?” मी म्हटलं, हो. त्याने बयूमींकडून पेन मागितला आणि सही केली. वाचून झाल्यावर एवढंच म्हणाला, “यात मी बाई आहे.” बयूमींनी माझ्याकडे पाहिलं. मी पर्स घट्ट मिटून धरली.

कोर्टात दोन मध्यस्थ नेमले, एक माझ्याकडचा, एक त्याच्याकडचा. त्याच्याकडचा न्हावी होता. दोघांनी समेटाचा प्रयत्न करायचा असतो, आणि त्यांनी तो इमानदारीने केला. आमच्यात न पटण्याजोगं काही त्यांना सापडेना, आणि पटण्याजोगंही. शेवटी मला उभं केलं. ते वाक्य मी आरशासमोर पाठ केलं होतं. तिथे मात्र ते पुटपुटल्यासारखं निघालं. न्यायाधीश म्हणाले, मोठ्याने बोला. मी मोठ्याने बोलले. पहिल्यांदाच मला एखादं व्याकरणशुद्ध वाक्य चुकीचं वाटलं. रिफअत खाली बघत होता. त्यांनी त्याला विचारलं, आपल्याला काही म्हणायचंय? सवयीने तो ‘बघू’ म्हणेल असं मला वाटलं. तो म्हणाला, “तिला जाऊ द्या.”

मादाम अवातिफ अजून म्हणतात, एवढं समजुतीने वागणारी माणसं, मग घटस्फोट घेतलाच कशाला? त्यांना समजावणं मी सोडून दिलंय. एका घरात राहून आम्हाला एकमेकांची एवढी माहिती कधी झाली नसती.

मत्रूहला निघायच्या आधी काही सामान घ्यायला मी ट्रामच्या रस्त्याने चालले होते. समोरून रिफअत येत होता. त्याने मला पाहिलं आणि जुन्या सवयीने तो झटकन बाजूच्या दारात शिरला. मीही जुन्या सवयीने त्याच्या मागे धावले. ते चौकातलं तेच रसाचं दुकान होतं. आम्ही दोघं गल्ल्यासमोर समोरासमोर उभे, धापा टाकत.

“आता पळायचं कारण नाही,” मी म्हटलं.

“नाहीच,” तो म्हणाला, आणि हसला. म्हणाला, आलीच आहेस तर काहीतरी घे. मी सांगण्याआधीच त्याने रसवाल्याला सांगितलं होतं: एक पेरूचा, दूध घालून, साखर नको.

वीस वर्षं तो माझ्यासाठी उसाचा रस मागवत आला होता, कारण त्याला उसाचा आवडतो. मी विचारलं, हे तुला कोणी सांगितलं.

“सांगेल कोण? हिवाळाभर मी समोरच्या खांबाआड उभा होतो,” तो म्हणाला. “तुझा पेला संपल्याशिवाय मला निघता यायचं नाही.”